शेजाऱ्यांचे आकडे आणि आपण

सन २०२० च्या ऑक्टोबर महिन्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने निरनिराळ्या देशांच्या उत्पन्नाचे अंदाज प्रसिद्ध केले. त्यांत त्या वर्षीचे बांगलादेशाचे दरडोई उत्पन्न १,८८८ डॉलर आणि भारताचे १,८७७ डॉलर राहील असे म्हटले होते. फरक अवघ्या अकरा डॉलरांचा. पण तेवढ्यावरून आपल्याकडे केवढा गहजब झाला! कोणी म्हणाले, देश रसातळाला गेला. कोणी म्हणाले, आकडाच खोटा. ज्या देशाचा जन्म १९७१ साली आपल्या डोळ्यांदेखत झाला आणि ज्याच्या सुमारे एक कोटी निर्वासितांना त्या वर्षी आपण आसरा दिला, तो आपल्या पुढे जातो ही कल्पनाच कित्येकांना सहन झाली नाही.

या वादात कोणाची बाजू घ्यावी हे सांगण्याचा आमचा हेतू नाही. असे आकडे तयार कसे होतात, त्यांची तुलना कशी करावी आणि तशी ती नीट केली असता आपल्या शेजाऱ्यांकडून काय शिकावयास मिळते, एवढेच येथे सांगावयाचे आहे. विषय अर्थशास्त्राचा व लोकसंख्याशास्त्राचा असला तरी त्याला लागणारे गणित बेरजेचे आणि भागाकाराचेच आहे. तेव्हा कोणी बिचकण्याचे कारण नाही.

पहिला भागाकार

देशाचे एकूण उत्पन्न घेऊन त्याला माणसांच्या संख्येने भागावे, की दरडोई उत्पन्न निघते. हिंदुस्थानच्या बाबतीत हा भागाकार प्रथम नेटाने करणारे गृहस्थ म्हणजे आपल्या मुंबईचे दादाभाई नौरोजी. १८७६ साली वाचलेल्या आपल्या निबंधात त्यांनी १८६७ ते १८७० च्या सुमारास हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी वीस रुपये पडते असे दाखविले. पण दादाभाई तेवढ्यावर थांबले नाहीत. सरकार तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर किती खर्च करते ते त्यांनी पाहिले, आणि कैद्याला जेवढे मिळते तेवढेही बाहेरच्या स्वतंत्र रयतेच्या वाट्याला येत नाही हे दाखवून दिले. तुलना कशी करावी याचा हा वस्तुपाठ होय. दरडोई आकडा माणसाच्या ताटाशी नेऊन भिडविला म्हणजेच त्याला अर्थ येतो.

आता त्या अकरा डॉलरांकडे वळू. पहिली गोष्ट अशी की, तो त्या एका वर्षाचा अंदाज होता. कोरोनाच्या साथीमुळे त्या वर्षी टाळेबंदी झाली. भारताचे उत्पन्न दहा टक्क्यांहून अधिक घटेल आणि बांगलादेशाचे मात्र जवळजवळ चार टक्क्यांनी वाढेल असे नाणेनिधीने धरले होते. एक मनुष्य आजारी पडला असता त्याचे त्या दिवशीचे वजन घेऊन त्याच्या प्रकृतीविषयी कायमचे मत बनविणे जसे अयोग्य, तसेच हे.

दुसरी गोष्ट डॉलरची. रुपयाचे डॉलर करून तुलना केली की विनिमयाचा दर मध्ये येतो. एका डॉलरला जेवढे रुपये मिळतात तेवढ्यांत टिटवाळ्याच्या बाजारात जी भाजी येते, ती न्यूयॉर्कमध्ये एका डॉलरला येत नाही. म्हणून अर्थशास्त्रज्ञ खरेदीशक्तीच्या मापानेही उत्पन्न मोजतात. त्या मापाने २०२० सालीही भारत बांगलादेशाच्या पुढेच होता. म्हणजे एकाच वर्षी, एकाच संस्थेच्या कोष्टकांत, एका रकान्यात आपण मागे आणि दुसऱ्या रकान्यात पुढे! दोन्ही आकडे खरे. मात्र ते दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

कमाई कोठे, वस्ती कोठे

तिसरी गोष्ट टिटवाळेकरांना समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. कल्याणच्या पुढे शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. सकाळच्या गाडीने येथून जी हजारो माणसे मुंबईला जातात त्यांच्या हातचे काम मुंबईत होते, आणि त्या कामाचे मूल्य मुंबईच्या उत्पादनात धरले जाते. पगार मात्र संध्याकाळी टिटवाळ्यास येतो. घराचे हप्ते, वाण्याचे बिल आणि मुलांची फी येथे भरली जाते. तेव्हा टिटवाळ्याची संपत्ती मोजावयाची ती येथे काय तयार होते त्यावरून, की येथील माणसे काय मिळवितात त्यावरून? पहिल्या रीतीस देशांतर्गत उत्पादन म्हणतात, दुसरीस राष्ट्रीय उत्पन्न. भारतासारख्या मोठ्या देशात या दोहोंत फार अंतर पडत नाही. पण ज्या देशाची माणसेच बाहेर गेली आहेत त्याचे काय?

असा देश म्हणजे आपला उत्तरेकडील शेजारी नेपाळ. तेथील २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या २ कोटी ९१ लाखांवर भरली, आणि सुमारे २२ लाख माणसे देशाबाहेर असल्याचे नोंदले गेले. ही माणसे आखातात, मलेशियात आणि आपल्या देशात काम करतात. परदेशांतून घरी येणारा पैसा नेपाळच्या एकूण उत्पादनाच्या सुमारे चौथा हिस्सा भरतो. कोकणातील माणसास हे चित्र ओळखीचे वाटेल. पिढ्यान् पिढ्या रत्नागिरीचा चाकरमानी मुंबईच्या गिरणीत राबला आणि गावचे घर मनीऑर्डरीवर चालले. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आढळल्या, आणि २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. तरुण माणसे बाहेर पडली की मागे काय उरते ते या आकड्यांत दिसते.

भागाकाराचा खालचा आकडा

उत्पन्नाइतकाच महत्त्वाचा आकडा माणसांचा. तो खाली असतो म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. आपल्या भागातील संख्या शेजारी राष्ट्रांशेजारी मांडून पाहिल्या तर मोठी मौज दिसते. २०११ साली अविभक्त ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत लोकसंख्येने हा देशातील सर्वांत मोठा जिल्हा होता. श्रीलंकेची लोकसंख्या त्याच सुमारास, २०१२ च्या मोजणीत, दोन कोटींच्या थोडी वर भरली. म्हणजे ज्या बेटाला आपण राष्ट्र म्हणतो त्याच्या निम्म्याहून अधिक माणसे, त्याच्या सुमारे एकसप्तमांश क्षेत्रफळावर, आपल्या एका जिल्ह्यात राहत होती. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत २०११ साली साडेबारा लाखांच्या आसपास माणसे होती. सारे भूतान राज्य २०१७ च्या मोजणीत सव्वासात लाखांचे! त्या चिमुकल्या देशाने आपल्या नद्यांवर वीज निर्माण करून ती भारताला विकली, त्या उत्पन्नाला एवढ्याशा संख्येने भागले, आणि दरडोई आकड्यात तो आपल्या पुढे दिसतो. असे लहान देश आणि आपला अवाढव्य देश एकाच यादीत वरखाली मांडून जय-पराजय ठरविणे कितपत शहाणपणाचे?

लोकसंख्या किती वेगाने वाढते हे समजण्यास एक सोपा आडाखा आहे. वाढीचा वार्षिक दर शेकडा जितका असेल त्याने सत्तरला भागावे. तितक्या वर्षांत संख्या दुप्पट होते. पाकिस्तानात २०१७ ते २०२३ या काळात वाढीचा दर शेकडा अडीचाच्या थोडा वर आढळला. या वेगाने सुमारे सत्तावीस वर्षांत दुप्पट. नेपाळचा दर एकाहून थोडा कमी. तेथे दुपटीस सुमारे पाऊणशे वर्षे लागतील. ठाणे जिल्हा २००१ ते २०११ या दशकात शेकडा ३६ ने वाढला, म्हणजे वर्षाला सुमारे तीन टक्के. वेग पाकिस्तानाहून अधिक! परंतु ठाण्याची वाढ पाळण्यांमुळे झालेली नाही. ती मुख्यतः बाहेरून आलेल्यांची वाढ आहे. जन्माने होणारी वाढ आणि स्थलांतराने होणारी वाढ या दोहोंचा घोटाळा केला की पुढचे सारे अनुमान चुकते.

दोन जुळ्यांची कहाणी

आता या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रकरण पाहू. १९४७ साली पाकिस्तान नावाचे जे राष्ट्र निर्माण झाले त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग होते. १९५१ च्या जनगणनेत पूर्व भागाची लोकसंख्या ४ कोटी २० लाखांच्या आसपास आणि पश्चिमेची ३ कोटी ३७ लाख भरली. पूर्वेकडे माणसे अधिक, जमीन थोडी, पुरांचे व वादळांचे नेहमीचे संकट. पश्चिमेकडे कालव्यांची शेती, राजधानी, लष्कर आणि कारखाने. १९७० च्या सुमारास पश्चिमेचे दरडोई उत्पन्न पूर्वेच्या दीडपटीहून अधिक होते. १९७१ साली पूर्व भाग बांगलादेश म्हणून स्वतंत्र झाला, तेव्हा या देशाचे पुढे कसे होणार याविषयी जगातील शहाण्यांनी मोठी निराशा व्यक्त केली होती.

पुढे काय झाले? बांगलादेशाच्या २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या १६ कोटी ९८ लाख भरली. पाकिस्तानच्या २०२३ च्या जनगणनेत ती २४ कोटी १५ लाख भरली. जो भाग ८० लाखांनी मोठा होता तो आता सात कोटींनी लहान आहे. एकाची लोकसंख्या सुमारे चौपट झाली, दुसऱ्याची सातपटीहून अधिक.

येथे कोणी म्हणेल की, १९७० चे भयंकर वादळ, १९७१ चे युद्ध आणि १९७४ चा दुष्काळ यांत बांगलादेशाची माणसे मेली म्हणून संख्या कमी राहिली. हे खरे नाही. पाकिस्तानच्या १९७२ च्या जनगणनेत साडेसहा कोटी माणसे मोजली गेली, आणि बांगलादेशाच्या १९७४ च्या जनगणनेत सात कोटींहून अधिक. म्हणजे वादळ आणि युद्ध ही अरिष्टे कोसळून गेल्यावरही बांगलादेश मोठाच होता. उलटापालट झाली ती त्यानंतर, शांतपणे, घराघरांत. १९७५ च्या सुमारास दोन्ही देशांत एका स्त्रीला सरासरी सहाहून अधिक मुले होत. बांगलादेशात ही सरासरी २०११ पर्यंत २.३ वर आली. पाकिस्तानात २०१७-१८ च्या पाहणीतही ती ३.६ होती.

दुसरे कोणी म्हणेल, संततीचे प्रमाण धर्मावर अवलंबून असते. पण या दोन्ही देशांतील बहुसंख्य समाज एकाच धर्माचा आहे. धर्म एक, काही काळ राज्यही एक, आरंभीचे जननप्रमाण जवळजवळ एक. आणि परिणाम मात्र इतके भिन्न. आपल्या देशातही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुसलमान स्त्रियांची ही सरासरी १९९२-९३ साली ४.४ होती, ती २०१९-२१ मध्ये २.४ च्या खाली आली. हिंदू स्त्रियांची याच काळात ३.३ वरून १.९ वर आली. दोन्ही एकाच दिशेने चालल्या आहेत. तेव्हा कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

कारण कोणते

बांगलादेशात जे घडले त्याचा शोध पुष्कळांनी घेतला आहे. एक प्रयोग विशेष सांगण्यासारखा आहे. ढाक्याच्या आग्नेयेस मतलब नावाचा नदीकाठचा मुलूख आहे. पटकीच्या रोगावर संशोधन करणारी संस्था तेथे १९६० नंतर काम करीत होती, आणि गावोगावच्या जन्ममृत्यूंची नोंद तिच्याजवळ होती. १९७७ साली तिने निम्म्या गावांत शिकलेल्या स्थानिक स्त्रिया नेमल्या. त्या घरोघरी जात, बायकांशी बोलत, संततिनियमनाची साधने हाती देत आणि काही त्रास झाल्यास पुन्हा येऊन विचारपूस करीत. उरलेल्या गावांत सरकारी व्यवस्था नेहमीप्रमाणे चालू ठेवली. गरिबी दोन्हीकडे सारखी, शिक्षण दोन्हीकडे सारखे. तरीही पहिल्या गावांत जननप्रमाण काही वर्षांतच लक्षणीय रीतीने खाली आले. गरीब स्त्रीलाही मुले थोडी असावी असे वाटते. तिच्या दाराशी कोणी विश्वासाने येत नव्हते एवढेच. पुढे हीच रीत देशभर वापरली गेली.

दुसरे कारण मुले जगू लागली हे. जेथे पाचातील एक मूल दगावते तेथे आईबाप चौघांवर थांबत नाहीत. हगवणीने मरणाऱ्या मुलांसाठी मीठ-साखरेच्या पाण्याचा उपाय ढाक्यात १९६८ साली सिद्ध झाला. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर करून हजारोंचे प्राण वाचविले. पुढे फजले हसन आबेद यांनी १९७२ साली स्थापन केलेल्या ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या स्त्रियांनी तो उपाय घरोघरी नेला. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. इतका सोपा पाठ. १९८० नंतरच्या दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरांत जाऊन त्यांनी तो आयांकडून करवून घेतला. त्याला ना कारखाना लागला, ना परदेशी चलन.

तिसरे कारण मुलींची शाळा आणि चौथे स्त्रियांची कमाई. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या खेड्यातील मुलींना १९९४ पासून देशभर विद्यावेतन मिळू लागले. त्याच काळात तयार कपड्यांचे कारखाने वाढले. पुढे त्यांत चाळीस लाखांच्या आसपास मजूर काम करू लागले, आणि त्यांत बहुसंख्या स्त्रियांची. या कारखान्यांची दुसरी बाजूही विसरता येत नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेंहून अधिक कामगार मृत्यू पावले. कमाई आली, पण सुरक्षितता तिच्याबरोबर आली नाही. तरीही मुलगी शिकते, मिळविते, लग्न थोडे उशिरा करते आणि मुले किती हवीत हे बोलण्याचा अधिकार घरात मिळविते, ही गोष्ट आकड्यांत उमटल्यावाचून राहिली नाही. २०२२ साली बांगलादेशातील स्त्रियांची साक्षरता शेकडा ७३ च्या जवळ होती. पाकिस्तानात २०२३ साली ती ५३ च्या जवळ होती.

दरडोई उत्पन्नाचा आकडा यानंतर आपोआप बदलला. २०२३ साली जागतिक बँकेच्या हिशेबाप्रमाणे बांगलादेश आणि भारत दोघेही अडीच हजार डॉलरांच्या आसपास होते, तर पाकिस्तान दीड हजारांच्या आत.

बळजबरीचा मार्ग

या ठिकाणी आपल्या महाराष्ट्राची एक कटू आठवण सांगणे प्राप्त आहे. संततिनियमनाचा विचार या देशात अगदी आरंभी मांडणाऱ्यांत आपले रघुनाथ धोंडो कर्वे होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यासाठी त्यांनी नोकरी गमावली, खटले सोसले, लोकांची टवाळी सहन केली. त्यांचा सारा भर स्त्रीच्या स्वातंत्र्यावर आणि समजुतीवर होता. स्वतंत्र भारताने १९५२ साली सरकारी कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. असे करणारा हा जगातील पहिलाच देश.

पण आणीबाणीत धीर सुटला. १९७६-७७ या एका वर्षात देशात साठ लाखांहून अधिक पुरुषांच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील कित्येकांवर बळजबरी झाली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी उत्तर दिले, आणि हा कार्यक्रमच इतका बदनाम झाला की त्याचे नाव बदलून ‘कुटुंब कल्याण’ ठेवावे लागले. कर्व्यांच्या प्रांतात असे व्हावे याची खंत वाटते. पुढे महाराष्ट्रात सरासरी २०१९-२१ पर्यंत १.७ वर आली ती सक्तीवाचूनच. चीनने १९८० पासून २०१५ पर्यंत एकाच मुलाची सक्ती केली. २०२२ पासून तेथील लोकसंख्या घटू लागली, आणि आता तेच सरकार तरुणांना अधिक मुले होऊ द्या म्हणून विनवीत आहे. माणसांची संख्या काही नळाच्या तोटीसारखी फिरविता येत नाही.

श्रीलंकेचे दोन धडे

श्रीलंकेकडून एक धडा घेण्याचा आहे आणि एक इशारा. त्या देशात १९३१ सालीच सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांना मताधिकार मिळाला. १९४५ पासून शिक्षण मोफत झाले. सरकारी दवाखाने खेडोपाडी पोहोचले. उत्पन्न शेजाऱ्यांहून फारसे अधिक नसतानाही तेथील माणूस आपल्याहून कितीतरी अधिक वर्षे जगू लागला. देश श्रीमंत झाल्यावर मग आरोग्य आणि शिक्षण पाहू, हे म्हणणे किती पोकळ आहे ते श्रीलंकेने दाखविले.

पण २०२२ साली हाच देश परदेशी कर्जाचे हप्ते फेडू शकला नाही. पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा लागल्या आणि राष्ट्राध्यक्षांना देश सोडून पळावे लागले. भरमसाट परदेशी कर्ज, २०१९ ची करकपात, साथीमुळे बुडालेला प्रवासी व्यवसाय, २०२१ साली एकाएकी घातलेली रासायनिक खतांची बंदी, अशी कारणे एकत्र आली. शाळा-दवाखाने चांगले असले म्हणून तिजोरीचा गाडा आपोआप नीट चालत नाही. मात्र तिजोरी रिकामी झाली तरी साक्षर माणूस निरक्षर होत नाही. पुन्हा उभे राहण्यास तीच पुंजी कामी येते.

सरहद्दीच्या आत

आतापर्यंत आपण देशादेशांची तुलना केली. पण आकड्यांच्या सरहद्दी देशांच्या सरहद्दींवरून जात नाहीत. २०१९-२१ च्या पाहणीत बिहारची संततीची सरासरी ३.० होती, बांगलादेशाहून अधिक, केरळची १.८. जन्मलेल्या हजार मुलांपैकी वर्षाच्या आत दगावणारी मुले २०२० साली केरळात ६, महाराष्ट्रात १६, मध्य प्रदेशात ४३. आणि साऱ्या देशाची सरासरी २८. या अठ्ठावीस आकड्याचा भारत कोठे राहतो? केरळातही नाही आणि मध्य प्रदेशातही नाही.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. ठाणे जिल्हा कारखान्यांचा, महापालिकांचा, संपन्न म्हणून ओळखला जाणारा. पण याच जिल्ह्यात त्या वेळी असलेल्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे १९९२-९३ साली आदिवासी बालके कुपोषणाने दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. जिल्ह्याच्या सरासरीत ती मुले दिसत नव्हती. दादाभाईंची रीत येथे आठवते. आकडा कोणाच्या ताटाशी नेऊन ताडावयाचा हे आधी ठरवावे लागते.

आणखी एक सावधगिरी. आकडे माणसेच तयार करतात. पाकिस्तान साक्षरता दहा वर्षांवरील लोकांची मोजतो, आपण आणि बांगलादेश सात वर्षांवरील. म्हणून वर दिलेली तुलनाही ढोबळच समजावी. बांगलादेशात २०२४ साली सत्तापालट झाल्यावर नेमलेल्या अर्थतज्ज्ञांच्या समितीने आपल्या श्वेतपत्रिकेत आधीच्या राजवटीने वाढीचे आकडे फुगविल्याचे म्हटले. दरडोई उत्पन्नाच्या आकड्याविषयी अशी शंका घेता येते. परंतु मुले जगली की नाही, मुली शाळेत गेल्या की नाही, हे घरोघरच्या स्वतंत्र पाहण्यांतून वारंवार तपासले गेले आहे, आणि ते फुगविणे तितके सोपे नाही. कोणत्या आकड्यावर अधिक भरवसा ठेवावा याचे हे एक कारण आहे.

मग आपल्या घरचे काय? आपल्याकडे २०११ नंतर २०२१ साली जनगणना व्हावयाची होती, ती झाली नाही. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून पुढील जनगणना घेण्याचे भारत सरकारने २०२५ साली जाहीर केले. म्हणजे ज्या दरडोई उत्पन्नावरून आपण अकरा डॉलरांचे रणकंदन केले, त्याच्या भागाकारातील खालचा आकडाच अंदाजाचा होता! हा केवळ पंडितांचा प्रश्न नव्हे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली स्वस्त धान्य किती जणांना द्यावयाचे याचा हिशेब २०११ च्या संख्येवर बसविला गेला. मांडा-टिटवाळ्याच्या परिसरात त्यानंतर ज्या इमारती आणि चाळी उभ्या राहिल्या, त्यांत राहणारी माणसे त्या संख्येत येथे धरली गेलेली नाहीत. पाणी, शाळा, दवाखाना, गाड्यांचे डबे, सारे काही संख्येवर ठरते. आणि जो मोजला गेला नाही त्याच्या वाट्याला सरासरीही येत नाही.

तेव्हा मोजणीदार दाराशी येईल तेव्हा त्याला उभ्याउभ्या वाटेला लावू नये. घरातील तान्ह्या मुलीपासून गावाहून येऊन राहिलेल्या माणसापर्यंत प्रत्येकाची नोंद नीट करून घ्यावी. शेजारी एखादे बिऱ्हाड नवे असेल, भाषा निराळी बोलत असेल, तर त्याचीही नोंद झाली की नाही हे विचारावे. आणि यापुढे शेजारी देश पुढे गेला की मागे पडला अशी बातमी वाचनात येईल, तेव्हा तीन प्रश्न विचारावे : हा आकडा कोणत्या वर्षाचा व कोणत्या मापाचा, त्याला किती माणसांनी भागले, आणि त्या देशातील सर्वांत गरीब घरातील मूल पाच वर्षांचे होईपर्यंत जगते काय व त्याची आई लिहूवाचू शकते काय. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या देशाने आधी सुधारले, त्याचे पहिले दोन आकडे मागाहून सुधारले, असे बांगलादेशाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास सांगतो. तो आपल्या बिहारलाही लागू आहे आणि आपल्या जव्हारलाही.